मुंबई ते न्यू यॉर्क: किती किलोमीटर, किती तास, आणि हिशोब स्वतः कसा करायचा

मुंबईहून न्यू यॉर्कला विमानाने किती वेळ लागतो, हे घरात मोठ्याने विचारून बघा. तिकीट हातात धरलेला म्हणेल साडेपाच तास, कारण त्यावर निघायची वेळ पहाटे २:०० आणि पोचायची सकाळी ७:३० छापलेली असते, तारीखही तीच. जाताना सोळा तास बसलेली मावशी म्हणेल सोळा. परतीचा प्रवास लक्षात राहिलेला मामा म्हणेल पावणेपंधरा. दुबईमार्गे गेलेले शेजारचे काका बावीसच्या खाली यायला तयार नसतात. यातला पहिला सोडला तर बाकी तिघं खरंच बोलत असतात.

दोन विमानतळांमधलं अंतर एकच असतं, ते बदलत नाही. वेळ मात्र दिशेनुसार, ऋतूनुसार, जगात कुठे भांडण चाललंय त्यानुसार बदलते. म्हणून अंतर एकदा नीट काढायचं आणि मग त्यावर एकेक गोष्ट चढवत जायची. पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी, किंवा आई-बाबांना एकटं पाठवताना तिकिटावरचे आकडे समजून घ्यायचे असतील त्यांच्यासाठी, हा हिशोब इथे पायरी-पायरीने मांडतो. शाळेतली त्रिकोणमिती थोडी लागेल, पण कॅल्क्युलेटर सगळं करतो.

पायरी १: शहर नको, विमानतळ पकडा

विमानतळाचा तीन अक्षरी कोड ही या धंद्यातली खरी ओळख. मुंबईचा बीओएम, जुन्या बॉम्बे नावावरून राहिलेला. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा एनएमआय. तिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पुण्याचा पीएनक्यू. गोव्यात दोन आहेत: दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मोपा उत्तरेच्या टोकाला आहे, तेव्हा मडगावला उतरायचं असेल आणि तिकीट मोपाचं निघालं, तर विमानातून उतरल्यावर सबंध गोवा ओलांडावा लागतो.

न्यू यॉर्कचंही तसंच. जेएफके शहराच्याच क्वीन्स भागात, लाग्वार्डिया म्हणजे एलजीए मुख्यतः देशांतर्गत विमानांसाठी, आणि नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर तर न्यू जर्सी राज्यात. मुलगा एडिसनला किंवा जर्सी सिटीला राहत असेल तर नेवार्क सोयीचा. जेएफके आणि नेवार्क यांच्यात हवाई अंतर जेमतेम ३० ते ३५ किलोमीटर, साडेबारा हजार किलोमीटरच्या हिशोबात त्याला काही किंमत नाही. पण गाडीने मध्ये अख्खं न्यू यॉर्क शहर येतं, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते काय असतं हे तिकडे राहणाऱ्याला विचारा.

एकाच नावाची शहरं हा आणखी एक सापळा. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेत अलाबामातही (बीएचएम). सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). हैदराबाद आपलं आहे तसं सिंधमध्येही आहे. नावाने शोधलंत तर यंत्र बिनधास्त भलतंच अंतर काढून देईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

पायरी २: अंतर काढा, पण गोलावरचं

भिंतीवरचा जगाचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. त्यावर मुंबई ते न्यू यॉर्क पट्टी ठेवून रेघ मारलीत, तर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाईल. दिसायला सरळ. त्या रेघेने खरंच गेलात तर जवळपास १४,२०० किलोमीटर पडतील. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता भलतीकडून जातो, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि तो भरतो साधारण १२,५३० किलोमीटर. फरक थोडाथोडका नाही, साडेसोळाशे किलोमीटरच्या वर आहे. विमानाचे जवळपास दोन तास.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा, रस्ता लगेच दिसेल. नसेल तर हा हिशोब. आधी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या:

मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम

पहिलं काम रेखांशातला फरक काढणं. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज करायची: ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरा, म्हणजे बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणं उघडतात. कोन अंशात मोजायची सेटिंग आहे ना, ते बघा. रेडियनवर राहिली असेल तर उत्तर काहीही येतं, आणि गंमत म्हणजे कधीकधी पटण्यासारखं येतं. साइन ३० दाबून बघा; ०.५ आलं तर ठीक.

पहिला गुणाकार, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा:
०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०

दुसरा गुणाकार, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन:
०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५४) = −०.५९९०

दोघांची बेरीज −०.३८६०. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की येतात ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सरासरी १११.२ किलोमीटर, तेव्हा ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० किलोमीटर.

पृथ्वी अगदी नेमकी गोल नाही, ध्रुवांशी किंचित दबलेली आहे, त्यामुळे या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. आपल्याला काही विमान उडवायचं नाही, एवढं पुरे. ठिकाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल तर अक्षांश उणे घ्यायचा, एवढं मात्र विसरू नका. शेवटी तसंच एक उदाहरण दिलं आहे.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड घालावेत. किलोमीटर, मैल आणि नकाशावरची वक्र रेघ तिन्ही मिळतात. आकडा वाचताना एकक बघा. विमानवाले समुद्री मैल वापरतात (१.८५२ किमी), फ्रीक्वेंट फ्लायरचे, म्हणजे नेहमी उडणाऱ्यांना कंपनी देते ते, गुण साध्या मैलांत येतात (१.६०९ किमी). आपलं हेच अंतर समुद्री मैलांत ६,७६७ आणि साध्या मैलांत ७,७८७ भरतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आकड्यांवरून वाद झाला, तर आधी एकक विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

पायरी ३: रेघ कुठून जाते ते बघा

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते खरी मजा इथेच आहे, आणि पुढचा वेळेचा घोळही इथूनच सुरू होतो.

मुंबई–जेएफके ग्रेट सर्कल मुंबईतून निघताना पश्चिमेला जात नाही, वायव्येच्याही बरीच उत्तरेकडे कलते. पाकिस्तानात सिंधवरून आणि क्वेट्टाच्या आसपासून, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या थोडं खालून, नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळून, आइसलँडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलँडच्या टोकाला जवळपास घासून कॅनडावर, आणि तिथून खाली न्यू यॉर्क. सर्वांत उत्तरेला ही रेघ जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढते. न्यू यॉर्क आहे ४०.६ अंशांवर! म्हणजे वर चढून खाली उतरायचं, आणि तरीही तोच जवळचा रस्ता.

कॅलिफोर्नियाला जाताना हे आणखी टोकाला जातं. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर आहे, आणि रेखांशातला फरक १८० च्या इतका जवळ आहे की सर्वांत जवळचा रस्ता थेट आर्क्टिकवरून जातो. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू थेट सेवा सुरू केली तेव्हा कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली, आणि ते विमान ध्रुवावरूनच आलं.

आता वर दिलेली देशांची यादी पुन्हा वाचा. पाकिस्तान आणि रशिया त्यात आहेत. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही त्याच महिन्यात तसंच केलं, आणि ही बंदी पुढे एकेका महिन्याने वाढत गेली. रशियाचं आकाश २०२२ च्या युक्रेन युद्धापासून अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे रस्ता एकच, पण शेपटीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे त्यानुसार विमान कुठून जाणार ते ठरतं. भारतीय कंपनीचं विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकतं, अमेरिकी कंपनीचं रशियाला टाळून खालून जातं.

याचा फटका दिल्लीवाल्यांना मुंबईकरांपेक्षा जास्त बसला. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाकिस्तान समोरच येतं, त्यामुळे अमेरिकेची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली. मुंबईला शेजारी समुद्र असल्याने वळसा लहान. जगात याचं सर्वांत ठळक उदाहरण हेलसिंकी–टोकियोचं आहे: रशियावरून साधारण साडेनऊ तासांत होणारा प्रवास २०२२ नंतर तेराच्या आसपास गेला. अंतर तेच, हेलसिंकी काही हललं नाही.

म्हणून वेळ काढताना ग्रेट सर्कलच्या अंतरात तीन ते पाच टक्के वळशाचे मिळवा. आकाश बंद असेल तर जास्त. पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाने सांगितलेले तास आज जसेच्या तसे धरू नका.

पायरी ४: किलोमीटरचे तास करा

बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० अशी लांब पल्ल्याची विमानं वर स्थिरावली की ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवरच्या थंडीत हे ताशी ९०० किलोमीटर भरतं. हा वेग हवेच्या तुलनेत. जमिनीच्या तुलनेत किती, हे वाऱ्यावर आहे.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात जोरात, उन्हाळ्यात जरा नरम. ताशी १०० ते २०० किलोमीटर ही रोजची गोष्ट, कधी ३०० च्याही वर. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-सात तास लागतात. त्याच वाऱ्यात उलट दिशेने निघालेल्यांनी त्या दिवशी काय म्हटलं असेल ते सोडा.

सगळ्या रस्त्यावर वारा सारखा नसतो, तेव्हा सरासरी म्हणून जाताना ताशी ५० किलोमीटर विरुद्ध आणि येताना तेवढेच सोबत, असं धरू. वळशाचे चार टक्के मिळवून अंतर १३,०३० किलोमीटर.

जाताना: १३,०३० ÷ ८५० = १५ तास २० मिनिटं
येताना: १३,०३० ÷ ९५० = १३ तास ४५ मिनिटं

यात जमिनीवरची आणि चढ-उताराची वेळ नाही. गेटवरून मागे ढकलल्यापासून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, आणि उतरल्यावर गेटपर्यंतची वरात, याचे ४० मिनिटं ते तासभर धरा. म्हणजे जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा-पावणेपंधरा. मावशी आणि मामा दोघंही बरोबर निघाले.

तिकिटावर जो कालावधी असतो तो हाच, गेट ते गेट. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी हातची मिनिटंही ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान बऱ्याचदा वेळेवर पोचतं आणि वेळेवर सुटलेलं वीस मिनिटं आधी उतरून गेट रिकामं होण्याची वाट बघत बसतं. वैमानिक उड्डाणानंतर जी वेळ सांगतो ती निव्वळ हवेतली असते, म्हणून ती कमी वाटते.

एक घाईची रीत हवी असेल तर किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. दोन-तीन हजार किलोमीटरला ती चांगली जमते, आणि उत्तर-दक्षिण प्रवासालाही. पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासाला मात्र वाऱ्याचा हिशोब टाळू नका.

पायरी ५: तिकिटावरच्या वेळा एका घड्याळात आणा

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची, पोचायची वेळ पोचायच्या गावची. त्यातला एक आकडा दुसऱ्यातून वजा करणं म्हणजे किलोतून लिटर वजा करणं. दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळात आणा.

न्यू यॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं.

वरचं तिकीट जानेवारीचं आहे असं समजा. पोचायची वेळ ७:३०, त्यात साडेदहा तास मिळवले की भारतात संध्याकाळचे ६. निघाले होते पहाटे २ ला. दोन ते अठरा, म्हणजे सोळा तास. परतीचं तिकीट सकाळी ११:३० चं असेल तर भारतात तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात. पावणेपंधरा तास मिळवले की दुसऱ्या दिवशी दुपारी १२:४५. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ असेल, त्याचा अर्थ हाच. ते +१ नजरेतून निसटलं की घ्यायला आलेला माणूस एक दिवस आधी विमानतळावर उभा.

इतर ठिकाणांचे फरक हाताशी असू द्या. कॅलिफोर्निया हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. लंडन साडेपाच आणि साडेचार तास मागे, पण त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेबरोबर नाही. सिडनी आपल्या पुढे: त्यांच्या हिवाळ्यात साडेचार, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच.

आणि आता या सगळ्यापेक्षा महाग पडणारी गोष्ट. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ जानेवारी, ०२:००" लिहिलंय, म्हणजे १४ तारखेला रात्रीचं जेवण उरकून निघायचं आणि अकराच्या आत विमानतळावर असायचं. १५ तारखेचा अख्खा दिवस पॅकिंगला आहे असं समजून बसलेल्या घरात १५ ला सकाळी फार वाईट शांतता असते. पुण्याहून, नाशिकहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्यांनी तर गाडी सांगतानाच ड्रायव्हरला वार सांगावा: "मंगळवारी रात्री", नुसतं "चौदा-पंधराच्या रात्री" असं नको.

पायरी ६: थेट की थांबा घेऊन

थांबा घेतला म्हणजे अंतर फार वाढतं असा समज आहे. हिशोब करून बघा. मुंबई–लंडन ७,२१० किलोमीटर, लंडन–जेएफके ५,५४०. बेरीज १२,७५०. थेट रेघेपेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे १,९३० आणि ११,००० मिळून १२,९३०, म्हणजे चारशे जास्त. हवेत फरक पंधरा ते तीस मिनिटांचा. बाकी जे तास वाढतात ते जमिनीवर: एक जास्तीचं उतरणं, एक जास्तीचं उडणं, आणि मधला थांबा.

तेव्हा दोन तिकिटांची तुलना करताना किलोमीटर सोडा, थांब्याचे तास बघा. दीड तासाचा थांबा कागदावर सुटसुटीत दिसतो. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की तोच धावपळीचा होतो. वयस्कर माणसं असतील तर मी तीन ते चार तासांच्या खाली जाणार नाही, आणि व्हीलचेअर आधी सांगून ठेवीन. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असू द्या, म्हणजे जोड चुकली तर पुढचं विमान देणं कंपनीच्या अंगावर पडतं. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून वाचवलेले पैसे एका चुकलेल्या जोडीत जातात. लंडन किंवा युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी तपासा, नंतर नाही.

अमेरिकेत पुढे दुसऱ्या गावी जायचं असेल तर आणखी एक: साधारणपणे पहिल्या अमेरिकी विमानतळावरच इमिग्रेशन होतं, आणि तिथेच सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यावं लागतं. बॅगेला डॅलसचा टॅग लागलेला असला तरी. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, हा एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा.

आणि थांब्याने कंटाळणाऱ्यांसाठी: सिंगापूर–जेएफके हे जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक, सुमारे १५,३५० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. आपले सोळा त्यापुढे बरे.

निघायच्या आठवड्यात

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमच्या विमानाचा क्रमांक घाला आणि आधीच्या आठवड्याभरात ते प्रत्यक्ष किती वाजता सुटलं, किती वाजता उतरलं ते बघा. सध्याचा वळसा आणि सध्याचा वारा दोन्ही त्यात आपोआप येतात, माझ्या वरच्या हिशोबापेक्षा ते खरं. उतरायची वेळ आणि बाहेर यायची वेळ यांत मोठ्या विमानतळावर दीड-दोन तास सहज जातात. घ्यायला येणाऱ्याला तेवढं उशिरा बोलवा, पार्किंगचे पैसे वाचतील.

रोजच्या गोळ्या घड्याळावर नाहीत, तासांच्या अंतरावर असतात. डॉक्टरांना भेटताना "सोळा तासांचा प्रवास आणि साडेदहा तासांचा फरक" असे दोन्ही आकडे सांगा, ते वेळापत्रक लिहून देतील. गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात नाहीत.

सरावासाठी: मुंबई–मॉरिशस

एकोणिसाव्या शतकापासून तिथे मराठी माणसं राहतात, तेव्हा उदाहरण अगदीच परकं नाही. मॉरिशसचा विमानतळ २०.४३ दक्षिण, ५७.६८ पूर्व. अक्षांश उणे घ्या, रेखांश वजा करा.

साइनचा गुणाकार: ०.३२७१ × (−०.३४९१) = −०.११४२
कोसाइनचा: ०.९४५० × ०.९३७१ × ०.९६५१ = ०.८५४७
बेरीज ०.७४०५, कोन ४२.२ अंश, अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर.

प्रवास बराचसा उत्तर-दक्षिण, जेट स्ट्रीमचा त्रास नाही, तेव्हा घाईची रीत चालेल: ४,७०० ÷ ८५० म्हणजे साडेपाच तास, वर जमिनीवरचे ४० मिनिटं. सहा तास दहा मिनिटं. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, घड्याळ वर्षभर तेच. मुंबईहून सकाळी ६ ला निघालेलं थेट विमान तिथल्या १०:४० च्या आसपास उतरायला हवं. तुमच्या तिकिटावर दुपारचे २ दिसत असतील तर मध्ये कुठेतरी थांबा आहे. पैसे भरण्याआधी तिकिटाचा तपशील उघडून वाचा.